दुपारची निळी अक्षरं

संशय घ्यायचा मला पगारच मिळतो. नागापूरच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायचं माझं काम. तुकडा जरा जास्तच चांगला दिसला की मी तो दोनदा मोजते. ही सवय गेटवर ठेवून घरी येता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझी कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन पुणतांब्याला गेली, तिथेच शाळेत शिकवते. आम्ही दोघी मिळून एक अवकाशकथा लिहीत होतो. शनीच्या एका चंद्राकडे निघालेलं यान, त्यात भाजीपाला पिकवायच्या सहा खोल्या, आणि कमी पडत चाललेलं पाणी. ऑनलाइन एकच फाइल, दोघींना उघडी. ती निळ्या अक्षरांत लिहायची, मी काळ्या. कथा दिवाळी अंकाच्या स्पर्धेला पाठवायची होती, आणि छापून आलेलं माझं नाव मला फार म्हणजे फार हवं होतं.

मग दुपारची निळी अक्षरं दिसायला लागली. फाइलमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते. नोंद म्हणत होती, मैत्रिणीने पावणेतीनला लिहिलं. पावणेतीनला ती वर्गात असते आणि मोबाईल पर्समध्ये बंद. शिवाय मजकुरात एक पूर्णविराम नाही. पूर्णविरामासाठी पोरांच्या वह्या लाल करणारी ही बाई!

आणि मजकूर होता झकास. यानातलं पाणी आधी शेवटच्या खोलीला द्यायचं, असं त्यात ठरत होतं. पहिलीने आधी घेतलं तर शेवटच्या खोलीपर्यंत थेंब पोचत नाही, आणि पहिल्या खोलीतली माणसं कधी पुरे म्हणत नाहीत. हे मला सुचलं नसतं. तिलाही सुचलं नसतं, असं मी खुशाल ठरवून टाकलं. म्हणजे तिसरं कुणीतरी होतं. शाळेत एक कविता करणारे सर आहेत असं ती एकदा बोलली होती. तेच आत शिरलेत, उद्या कथेवर आपलं नाव घालणार. फोनवर मी आडून विचारलं, "दुपारी पण लिहितेस वाटतं?" ती हसली. "जमेल तसं," एवढंच म्हणाली. त्या हसण्याने माझी खात्रीच पटली.

त्याच संध्याकाळी मी सगळी कथा स्वतःकडे उतरवून घेतली आणि फाइल तिच्यासाठी नुसती वाचण्यापुरती ठेवली.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "तू फाइल बंद केलीस?" आवाज कोरडा होता. "घरी माझा जुना मोबाईल ठेवलाय, माझ्याच नावावर चालतो. सासूबाई दुपारी त्यात बोलतात, तो अक्षरं काढतो. चार दिवस काही उमटत नाही. आपल्या हातून मोबाईल बिघडला, म्हणून त्या मला सांगायलाच भीत होत्या."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, त्यांना अवकाशातलं काय कळतं."

म्हणालेच असते.

फाइल मी लगेच उघडून दिली आणि सुट्टीच्या दिवशी पुणतांब्याला गेले. सासूबाईंनी चहा दिला, समोर बसल्या. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला त्यांची शेती, सगळं आयुष्य पाण्याच्या पाळीची वाट बघण्यात गेलेलं.

"ताई, माजं काय चुकलं हुतं?"

"काहीच नाही. मला वाटलं, आमची कथा कुणीतरी चोरतंय."

"चोराया वरच्या अंगाला असावं लागतं," त्या म्हणाल्या. "आमी लई खाली हाय." मग जुना मोबाईल सुनेपुढे सरकवला. "आता तुमीच लिव्हा दोगी."

मी त्यांना पुष्कळ विनवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. कथा स्पर्धेला गेली नाही. यानात पुढे काय झालं ते आम्हा दोघींना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्या माझ्याशी आता फार अदबीने बोलतात.