लाल पिंपापर्यंत

आमच्या ह्यांना घरात बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, पण तेही पुरतं बसलेलं नाही. खुर्चीच्या काठावर टेकायचं, चहा निम्मा प्यायचा आणि उठून खिडकीशी जायचं. समोरच्या गच्चीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत त्यावरून ह्यांना वारा कळतो. समोरच्या बाईला सुरुवातीला भलताच संशय आला होता. मीच जाऊन सांगितलं, "बाई, त्यांचं लक्ष कपड्यांवर नाही, वाऱ्यावर आहे." तिला ते फारसं पटलं नाही. मग मी त्यांना तिच्या गच्चीसमोरून लांबच्या खिडकीशी उभं राहायला लावलं, तर तिथून वारा दिसत नाही म्हणून दिवसभर घरात फेऱ्या.

ह्यांचा धंदा शिडाच्या बोटीचा. सुट्टीवर आलेली कुटुंबं मुलाबाळांसकट एक सफर ठरवतात, बोटीवर दुसरं कुणी नाही, फक्त ती माणसं आणि हे. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते तशी ह्यांच्याही आहे, पण ह्यांची भिंगरी एकाच वाटेवर फिरते. धक्क्यावरून निघायचं, पाण्यात नांगरून ठेवलेल्या लाल पिंपापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. पिंपाच्या पुढे खडकावर दीपगृह आहे. ते सगळ्यांना दिसतं, सगळ्यांच्या फोटोत येतं, पण तिथवर कुणी जात नाही. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर येतो, आणि तोवर धक्क्यावर पुढचं कुटुंब ताटकळत बसलेलं असतं. म्हणून पिंप आलं की ह्यांचा हात सुकाणू फिरवतो. बोलणं चालू असतं, विनोद चालू असतो, हात आपला फिरवून मोकळा.

विनोदसुद्धा ठरलेले. बोट सुटली की मुलांना सांगायचं, "या बोटीला ब्रेक नाही. मी ब्रेक म्हटलं की सगळ्यांनी पाय खाली दाबायचे." मुलं जीव खाऊन पाय दाबतात, आईबाप हसतात. मग एकेका मुलाच्या डोक्यावर पांढरी कप्तानाची टोपी घालायची, सुकाणूला हात लावू द्यायचा, फोटो. ती टोपी रोज मी धुते. जगभरातल्या पोरांचा घाम मी त्या टोपीतून काढला आहे. मुलांची लाइफ जॅकेटंही आमच्याच गॅलरीत वाळतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, या घरात डझनभर पोरं आहेत.

पोर एकच, आमचा मुलगा. आणि लोकांची सुट्टी म्हणजे आमचा हंगाम. शाळा बंद झाली की हा धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसायचा, बोटीवर गेलेल्या पोरांच्या चपला राखत. "बाबा, मला दीपगृहापर्यंत नेता?" "उद्या नेतो." उद्या कुणीतरी येऊन थांबलेलंच असायचं. घर त्यावरच चालायचं, हे मला मान्य आहे. पण एक दिवस, एक सकाळ, एखादी रिकामी वेळ काढता आली असती, आणि ती काढली नाही, हेही मला मान्य आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग कधीतरी मुलाने विचारणं सोडून दिलं. मागणं थांबलं की आईबापांना वाटतं, पोर शहाणं झालं.

तो मोठा झाला, लांबच्या शहरात गेला, तिथे उंच इमारतीत नोकरी. पाण्याशी संबंध नळापुरता. फोनवर बापलेकांचं बोलणं ठरलेलं. "वारा कसा आहे?" "बरा आहे. आईला देतो." की फोन माझ्या हातात.

या सुट्टीआधी त्याचा फोन आला तो सरळ मला.

"आई, आम्ही येतोय. आणि मी बोट घेतलीय. पूर्ण दिवस. धक्क्यावरच्या बुकिंगच्या खिडकीवर फोन करून, सगळे घेतात तशी. बाबांना सांगू नकोस."

"घरच्या बोटीला खिडकी कशाला रे?"

"घरची बोट घरच्यांसाठी कधी सुटली होती, आई?"

मग त्यानेच पुढचं सांगितलं. त्याची बदली झाली होती, समुद्रापलीकडे, बायकोमुलांसह. काही वर्षं तरी येणं जमेल असं दिसत नव्हतं. "तू पण यायचं," म्हणाला, "तुझीही जागा धरलीय."

खरं सांगते, बोटवाल्याची बायको असून मी त्या बोटीत कधी बसले नव्हते. जागा रिकामी असायची ती पावसाळी दिवशी, आणि तेव्हा बोट बांधलेली. पण माझा जीव त्या गोष्टीसाठी टांगणीला लागला नव्हता. मुलगा गिऱ्हाईक होऊन येत होता. जाताना तो मुलगा होऊन जाईल, की गिऱ्हाइकासारखाच आभार मानून जाईल, एवढंच मला कळत नव्हतं. त्या आठवड्यात मी दूध दोनदा उतू घालवलं. शेवटी हे मला म्हणाले, "तुझं चित्त कुठाय?" ह्यांनी दुसऱ्याला असं विचारावं, म्हणजे बघा.

त्या सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा हे शिडाच्या दोराची गाठ तिसऱ्यांदा तपासत होते. मुलगा, सून, आठेक वर्षांची नात, तिच्या निम्म्या वयाचा नातू आणि मागे मी. ह्यांचा चेहरा फुलला, आणि लगेच मिटला.

"अरे, कधी आलात? घरी जाऊन बसा. आत्ता माझं गिऱ्हाईक येतंय, पूर्ण दिवसाचं."

"गिऱ्हाईक मीच आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी समुद्राकडे. मग ह्यांनी काय करावं? गिऱ्हाइकाला करतात तेच केलं. हात पुढे करून सुनेला बोटीत घेतलं, मुलांना जॅकेटं चढवली, बक्कल ओढून बघितलं, चपला काढून पायरीवर ठेवायला सांगितल्या. मुलाने आपले बूट काढले आणि त्याच पायरीवर, अगदी कडेला, नीट जोडून ठेवले. मला तिथेच भरून आलं.

बोट सुटली. ह्यांनी शीड चढवलं, वारा पाठीशी होता. "या बोटीला ब्रेक नाही," ह्यांनी सुरुवात केली, तेव्हा समोर बसलेल्या मुलाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, शब्द न् शब्द. लहानपणी पायरीवर बसून ऐकलेला विनोद. नातू पाय दाबून दाबून दमला. नातीला टोपी मिळाली, ती सुकाणूपाशी उभी राहिली, सुनेने फोटो काढला. हे बोलत होते, हसवत होते, पण त्यांनी नातीला "शाब्बास कप्तान" म्हटलं ते सगळ्या पोरांना म्हणतात अगदी त्याच आवाजात. मुलाशी तर एक शब्द नाही. मी पाण्याची बाटली उघडायची, बंद करायची. सुनेने हळूच विचारलं, "आई, लागतंय का तुम्हाला?" बोट नाही लागत होती गं मला, सांगू कसं.

लाल पिंप आलं. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं, आम्ही डोकी खाली घातली. मला वाटलं, बोट अशीच नागमोडी जात असेल. नवख्या बाईला काय कळतं? पण मुलाने पायापाशी पडलेला दोर उचलला आणि गुंडाळायला लागला. दोर आधीच गुंडाळलेला होता. त्याने तो सोडून पुन्हा गुंडाळला. लहानपणी रडू गिळताना तो चपलांच्या जोड्या अशाच लावायचा.

नातू म्हणाला, "आजोबा, दिवा मघाशी मोठा होत होता. आता लहान का होतोय?"

ह्यांनी मागे वळून दीपगृहाकडे बघितलं. मग पुढे धक्क्याकडे. मग सुकाणूवरच्या आपल्या हाताकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं झालं होतं. दिवस पूर्ण घेतलेला, धक्क्यावर कुणी थांबलेलं नाही, बोटीत स्वतःचं रक्त, आणि हाताने पिंप बघून बोट फिरवून टाकली.

"वेळ झाली होती," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"पूर्ण दिवस घेतलाय, बाबा. आपली वाट कुणी बघत नाहीये."

"तसं नव्हे. परतीला वारा तोंडावर येईल. आडवंतिडवं यावं लागतं. पोरं कंटाळतील."

मग मात्र माझा तोल गेला. "एक पोर कंटाळून कंटाळून मोठं झालं, ते समोर बसलंय. अहो, वळवा बोट."

बोटीवर ह्यांना कुणी असं बोललेलं नाही. गिऱ्हाईक बोलत नाही आणि मी कधी बोटीवर नव्हते. मला वाटलं, आता भडकतील. भडकले नाहीत. सुकाणू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यांनी मुलाला बोलावलं.

"इकडे ये. हे धर."

"मला येत नाही."

"ठाऊक आहे. मी शिकवलंच नाही. माझ्याकडे राहिलं तर हा हात पुन्हा फिरवेल. तू धर."

मुलगा उठला. हे सरकले आणि तो त्यांच्या जागी बसला. नातीने आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला लहान, बरणीच्या झाकणासारखी वरच राहिली. त्याने सुकाणू जोरात ओढलं, शीड फडफडायला लागलं, बोट कलली. "ब्रेक," नात म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी पाय दाबले. मीही दाबले. मुलगा हसला. किती वर्षांनी मी त्याला बापासमोर हसताना पाहत होते.

"ओढू नकोस," हे म्हणाले. "हाताकडे बघू नकोस, दिव्याकडे बघ. बोट आपण बघतो तिकडे जाते."

मग ते माझ्याशेजारी येऊन बसले. बसले म्हणजे टेकले. गुडघा हलतोय, बोटं एकमेकांत गुंततायत, तीनदा उठायला गेले आणि तीनदा मी बाही धरून खाली बसवलं. आपल्याच बोटीत दुसऱ्याने नेलेलं ह्यांना माहीत नव्हतं. "जरा डावीकडे," पुटपुटायचे, मग तोंड दाबून धरायचे. पिंप आमच्या बाजूने मागे गेलं. त्याच्याकडे ते बघत राहिले आणि मग त्यांचे डोळे भरले. वारा डोळ्यात जातोय म्हणाले. वारा पाठीशी होता.

दीपगृह जवळून फारसं काही नव्हतं. रंगाचे पोपडे निघालेले, दाराला गंजकं कुलूप, खडकावर पक्ष्यांची घाण. मुलाने मान वर करून बराच वेळ ते बघितलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच होतं रे," हे म्हणाले. "एवढंसंच होतं. तरी नेलं नाही."

मुलाने एक हात सुकाणूवर ठेवून दुसरा बापाच्या खांद्यावर टाकला.

परतीला वारा खरोखरच तोंडावर आला. इकडे जा, तिकडे जा, धक्का तिथल्या तिथे. नातू माझ्या मांडीवर झोपला, नात कंटाळली, सुनेला मळमळलं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, जरा आणखी उशीर होऊ दे. बापलेक सुकाणूपाशी खांद्याला खांदा लावून बसले होते. एक शिकवतोय, दुसरा चुकतोय.

दोन दिवसांनी ती मंडळी निघाली. गाडीत बसताना मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी खिडकीवरून घेणार नाही. सरळ घरी येईन." ह्यांनी मान हलवली. गाडी वळेपर्यंत हे रस्त्यात जागच्या जागी उभे होते. इतका वेळ एका जागी उभे राहिलेले मी तरी पहिल्यांदाच बघितले.

दुसऱ्या आठवड्यात खिडकीवाल्याचा मला फोन. "वहिनी, बोट अजून परत नाही. इथे पुढची मंडळी माझ्या नावाने ओरडतायत." मी तशीच धावले. मनात नाही नाही ते विचार. धक्क्यावर एक कुटुंब तोंड वाकडं करून उभं, पायरीवर दुसऱ्यांच्या चपला, समुद्रावर शीड नाही. बऱ्याच वेळाने ते दिसलं, आडवंतिडवं, सावकाश येत होतं. बोट लागली, माणसं उतरली, शेवटी त्यांचं लहानगं पोर उतरलं, टोपी अजून डोक्यावरच. मी वाट्टेल ते बोलले ह्यांना. लोकांसमोर बोलले.

हे दोर बांधत होते. बांधून झाल्यावर म्हणाले, "अगं, ते पोर सारखं दिव्याकडे बघत होतं. पिंप आलं, पण माझा हात फिरलाच नाही."