नाकोबा आणि बिनवासाचा गॅस

आमच्या भाऊजींचं नाक दिसायला काही खास नाही. जरा बसकंच आहे. पण ते ज्या गॅरेजात काम करतात तिथे त्या नाकाचा दबदबा असा, की खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना नाकोबा म्हणू लागले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांच्या टाक्या, नळ्या, जोड तपासायचं काम ते मिसरूड फुटल्यापासून करत आलेत. गाडी फाटकातून आत शिरली, की हातातला पाना खाली न ठेवता सांगायचे, "मागचा जोड सैल झालाय." आणि जोड सैल निघायचा.

घरीही तेच. आमची दारं समोरासमोर. जिन्यात पाऊल ठेवल्याठेवल्या "वहिनी, दूध लागलं का?" अशी आरोळी यायची. माझ्या स्वयंपाकघरात काय करपलंय हे त्यांना आधी कळायचं आणि मला मागाहून.

गेल्या वर्षी ते तापाने आडवे झाले. डोकं जड, नाक चोंदलेलं, आठवडाभर अंथरुणातच. मग ताप उतरला, अंगात बळ आलं, कामावर जायला लागले. सगळं सुरळीत झालं असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं, की जिन्यातली आरोळी बंद पडली आहे.

मग ती दुपार आली. भाऊजी आमची शिडी परत करायला आले होते. मी कॉफीला पाणी ठेवलं, त्यांना "बसा, आलेच" म्हटलं आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर स्वयंपाकघराच्या दारातच गॅसचा भपकारा आला. गॅलरीच्या दारातून आलेल्या वाऱ्याने शेगडी विझली होती. आणि शेगडीपासून दोन हातांवर भाऊजी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते, अगदी निवांत!

मी धावत जाऊन आधी बटण फिरवलं, मग खिडक्या उघडल्या.

"भाऊजी, अहो काय हे? तुम्ही इथे बसलेले असताना?"

त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा उतरला, की माझाच आवाज खाली आला.

"वहिनी, मला वास येत नाही," ते म्हणाले. "तापापासून. कशाचाच नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. नाहीही येणार म्हणतात. दोन्हीची फी सारखीच."

"अहो, मग तुमचं काम?"

"साबणाचं पाणी," ते म्हणाले. "एकेका जोडाला लावतो. फुगा आला की गळती. गळती दाखवणारं यंत्रही फिरवतो. आधी नाक सांगायचं आणि साबण हो म्हणायचा, आता साबणालाच विचारतो. वेळ दुप्पट लागतो, पण एकही गाडी तशीच सोडलेली नाही. मालक म्हणतात नाकोबाचा हात जड झाला. म्हणू देत. पण खरं कळलं तर उद्या मला चाकांत हवा भरायला बसवतील. गॅसची माणसं नाकावर नोकरीत असतात हो. तुम्ही कुणाला सांगू नका. हिला तर नाहीच नाही."

"ही" म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण तुम्ही सांगायचं. कुणाच्या जिवाशी येण्याआधी सांगायचं."

त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि सांगणं यात किती अंतर असतं ते मला ठाऊक होतं, कारण मी त्यांच्याच भावाशी संसार केलाय.

त्यानंतर महिनाभराने भाऊजी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले.

"वहिनी! वासच नाही!"

"हळू बोला, समोर ऐकू जाईल."

"माझ्या नाकाचं नाही म्हणत. गॅसचं! हायड्रोजन! त्याला वासच नाही. कुणालाच येत नाही!"

झालं होतं असं, की एका टॅक्सी कंपनीने हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या देखभालीचं काम गॅरेजला मिळालं. मालकांनी सगळ्या फिटरांना गोळा करून विचारलं, नवी शेड कोण सांभाळणार? गॅसला वास नाही, रंग नाही, पेटला तर भर उन्हात ज्योतसुद्धा धड दिसत नाही हे ऐकल्यावर एकेकाला घरची कामं आठवायला लागली. "मालक, हे भुताशी लग्न लावल्यासारखं आहे," एकजण म्हणाला. भाऊजींचा हात तेवढा वर. मग लाजेकाजेस्तव आणखी दोघांनी वर केला. शिकवायला कंपनीकडून एक तरुण इंजिनियरबाई येणार होत्या. शिकवून झालं की परीक्षा, आणि जो उत्तम ठरेल तो शेडचा प्रमुख.

पुढचे दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर हायड्रोजनच वाढला जायचा. आमचे हे हिशेबनीस. प्रत्येक गोष्टीची वजाबाकी करून बघायची सवय.

"म्हणजे लोकांनी बॉम्बवर बसून फिरायचं," हे म्हणाले.

"आणि तू पेट्रोलच्या टाकीवर बसून फिरतोस ती काय सरबताची आहे?" भाऊजी. "अरे, पेट्रोल सांडलं की खाली पसरतं, गाडीखाली तळं करून राहतं. हा सुटला की सरळ वर पळतो. उघड्यावर असेल तर बघता बघता गायब. बंद जागेत मात्र जपायला हवं. तिथे छताखाली साठतो. म्हणून शेडच्या छताला पंखे आणि झरोके."

"टाकी फुटली तर?"

"कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेली असते, सहजी फुटत नाही. आणि आगीत सापडलीच तर एक झडप आपोआप उघडते, गॅस बाहेर सोडून टाकते."

"मग स्वयंपाकाच्या गॅससारखा वास का नाही मिसळत?" मी मुद्दामच विचारलं.

"मीही मॅडमना तेच विचारलं. तो वास गाडीतल्या वीज करणाऱ्या भागाला मानवत नाही म्हणे. तो खराब होतो."

"आणि पंप किती आहेत शहरात?" ह्यांनी हुकमाचं पान टाकलं.

भाऊजींनी आमटी वाढून घेतली. "एक. बाहेरच्या रस्त्याला."

"म्हणजे गॅस भरून यायलाच गॅस हवा!"

"भरायला पाचच मिनिटं लागतात."

"आणि पोचायला?"

"मॅडमही ते कबूल करतात," भाऊजी म्हणाले. "हा गॅस विजेवर बनवायचा, मग गाडीत त्याची परत वीज करायची, यात बरीच वाया जाते. तीच सरळ बॅटरीत भरली तर गाडी जास्त लांब जाते. घरच्या गाडीला बॅटरीच बरी म्हणतात. पण दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीला चार्जिंगला उभं राहायला फुरसत नसते. तिथे हा चालतोय का ते बघायचं."

"म्हणजे आपल्याला घ्यायची नाहीये ना ही गाडी?" जाऊने विचारलं.

"नाही."

"मग भांडता कशाला? जेवा."

शिकताशिकता ज्योत न दिसण्याचा विषय निघाला. पूर्वी शंका आली की कामगार लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे, झाडू पेटला की तिथेच थांबायचं, असं मॅडमनी सांगितलं. भाऊजींनी ते घरी करून दाखवायला झाडू उचलला, तर जाऊ म्हणाली, "आधी त्याने केर काढून दाखवा."

परीक्षेच्या दिवसाचं नाटक भाऊजींनी आम्हाला तिन्ही फिटरांच्या भूमिका करून दाखवलं. मॅडमनी शेडमध्ये एक गाडी उभी केली होती आणि तिच्या नळ्यांत पेट घेणार नाही इतका पातळ केलेला हायड्रोजन सोडला होता. एक जोड मुद्दाम ढिला. गळती शोधायची. पहिला फिटर सवयीप्रमाणे गाडीखाली सरपटत गेला, खूप वेळ हुंगत राहिला आणि बाहेर येऊन "गाडी ठणठणीत" म्हणाला. दुसऱ्याने यंत्र घेतलं, पण तेही जमिनीलगत फिरवलं. जुना गॅस हवेहून जड, त्याचा वास खालीच शोधायचा असतो ना, वर्षानुवर्षं कंबर तशीच वाकलेली. भाऊजींच्या कंबरेला मात्र नाक कुठे न्यायचं हा प्रश्नच उरला नव्हता. त्यांनी यंत्र काठीला बांधून आधी वर धरलं. ते किणकिणलं. मग आवाजाच्या मागाने हळूहळू खाली आले, संशय आलेल्या जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि टपोरा बुडबुडा आला.

"शाब्बास काका," मॅडम म्हणाल्या. "असं वरून खाली यायचं."

इथवर सगळं गोड होतं. घोटाळा केला तो मालकांनी. ते परीक्षेला नव्हते. निकाल तेवढा त्यांच्या कानावर गेला, आणि नाकोबाने गळती पकडली म्हणजे नाकानेच पकडली असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. ज्याला त्याला फोनवर सांगत सुटले. चौथ्या दिवशी फाटकावर लालभडक अक्षरांत पाटी: "हायड्रोजनचासुद्धा वास ओळखणारे नाकोबा. फक्त आमच्याकडे."

भाऊजींनी पाटीसमोर उभं राहून काढलेला फोटो मला दाखवला. हसत होते.

"हसताय काय?" मी म्हटलं.

"अहो, मालकांची हौस. पाटीने कुणाचं काय बिघडतं?"

"तुम्ही माझ्यासमोर मान हलवली होती."

"सांगतो वहिनी. जरा बस्तान बसू दे. आत्ताच प्रमुख झालोय."

मी विषय सोडून दिला. माणूस वर्षभर भीत भीत जगलाय, त्याला चार दिवस ताठ मानेने चालू दे, असं वाटलं. त्याची टोचणी मला पुढच्याच आठवड्यात लागली.

एक टॅक्सीवाला गाडी घेऊन आला. हसतमुख, बोलका. "नेहमीची तपासणी करा," म्हणाला. "बाकी काही नाही. कालपासून तो गळतीचा दिवा उगाच लागतोय."

"उगाच?" भाऊजींनी विचारलं.

"हो ना. मी सगळीकडे वास घेऊन बघितला. काही नाही. तुमच्या पाटीवरच आहे की, वास येतो म्हणून. वास नाही म्हणजे गळती नाही. दिवाच बिघडलाय."

"मग गाडी कुठे ठेवलीस?"

"घरी. खालच्या शेडमध्ये, शटर ओढून. वर आई झोपते, तिला रस्त्याचा आवाज सहन होत नाही."

भाऊजी म्हणतात की त्या क्षणी त्यांना शेड दिसेना, गाडी दिसेना. दिसलं फक्त ते शटर, आणि वर झोपलेली म्हातारी. त्यांनी गाडी मोकळ्या अंगणात घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि काठीला बांधलेलं यंत्र वर धरलं. किणकिण. बारीकच गळती होती, एका जोडावर छोटासा बुडबुडा. पण होती. त्यांनी टाकीची झडप बंद केली, जोड बदलला, पुन्हा तपासलं. मग स्टूल घेतलं, फाटकापाशी गेले आणि पाटी खाली काढली.

"अरे अरे, नाकोबा, रंग उडेल!" मालक धावले.

"उडू दे, मालक. सगळ्यांना बोलवा."

सगळे जमले. टॅक्सीवालाही.

"या गॅसला वास नाही," भाऊजी म्हणाले. "माझ्या नाकाला नाही, कुत्र्याच्या नाकाला नाही. दिवा लागला की गाडी उघड्यावर उभी करायची आणि आम्हाला फोन करायचा, हुंगत बसायचं नाही. आणि दुसरी गोष्ट. माझं नाक वर्षापूर्वीच गेलंय. मला पेट्रोलचा येत नाही, गॅसचा येत नाही, कशाचाच येत नाही. आजवर जे काही केलं ते साबणाने आणि यंत्राने. हे मी आधीच सांगायला हवं होतं. आता मालक, चाकांत हवा भरायला बसवायचं तर बसवा."

मालक पाटी हातात धरून उभे. म्हणाले, "वर्षभर?"

"वर्षभर."

"तरीच! तरीच साबण इतका लागतोय! मी समजत होतो कुणीतरी घरी नेतंय. पहारा ठेवला होता रे मी साबणावर!"

कुणीतरी आधी फिसकन हसलं, मग सगळे. मालक मात्र तेवढ्यावर सोडणारे नव्हते. लपवल्याबद्दल त्यांनी भाऊजींना चांगलं झापलं, आणि लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, जुन्या गॅसच्या कामावर दुसरा माणूस हवा, तिथे वास हा पहिला इशारा असतो. काकांना तिथे एकटं सोडू नका. पण हायड्रोजनच्या शेडला नाकावर भरवसा न ठेवणाराच माणूस पाहिजे. तो तुमच्याकडे आयता आहे.

शेड राहिली. जुनं काम गेलं. भाऊजींनी त्या टॅक्सीवाल्याला बसवून, शटर का ओढायचं नाही ते कागदावर चित्र काढून समजावलं, आणि मगच घरी निघाले.

घरी मात्र खरी परीक्षा होती. मला सोबतीला बोलावलं होतं. भाऊजी जाऊसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"झालं?" ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"माहीत होतं? कधीपासून?"

"तापातून उठल्यानंतर एका लग्नाला गेलो होतो. मी अत्तर लावायला विसरले. तुम्ही गाडीत म्हणालात, आज फार छान वास येतोय. मी म्हटलं बघू. मग आठवडाभर काहीच लावलं नाही, रोज विचारलं. रोज आपलं छान, छान, छान!"

"मग बोलली का नाहीस?"

"वर्षभरात इतकं कौतुक पूर्वी कधी झालं होतं? मी कशाला थांबवू?" मग माझ्याकडे वळली. "आणि ताई, तुम्हीसुद्धा! समोरच्या दारात राहून एवढी घट्ट!"

मी आणि भाऊजी शाळेत पकडल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

"बसा आता दोघं," ती म्हणाली आणि उठून शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. वाफ वर आली. तिने डोळे मिटून श्वास घेतला. "कांदा तांबूस झालाय. मिरी जरा पुढे आहे, पण झोंबत नाही. खालून थोडासा करपल्याचा वास आहे, तो तुमच्या भाषणापायी."

भाऊजी ताट घेऊन पुढे सरकले. "आणि मिरीच्या मागे काय येतंय?" त्यांनी विचारलं, आणि ती सांगू लागली.