पुंजाजीचा होकार

इंझोरी गावात कोणाचा गोऱ्हा औताला शिकवायचा असला की तो आधी पुंजाजीच्या दावणीला यायचा. मारझोड नाही, शिवी नाही. हाकेला वळला की तोंडात सरकी ढेपेचा तुकडा. नाही वळला तर पुंजाजी नुसता उभा. गोऱ्हा असा वळणावर यायचा की मालक म्हणायचा, "पुंजाजीभाऊ, याले आता सरपंच केला तरी चालते!"

नातवापुढं मात्र त्याची विद्या चालेना. सुगत चार वर्षांचा, पण बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता. उलट्या सायकलचं चाक फिरवत बसायचा. परवा दार उघडं दिसलं तसा धावत सुटला तो थेट डांबरी रस्त्यावर. जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला.

डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, वागणुकीची थेरपी लवकर सुरू करा म्हणाले. सून रूपा तयार होती. मुलगा संघदीप म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं."

"तिथं करतात काय?" पुंजाजीनं जेवता जेवता विचारलं.

"हाक मारली अन् त्यानं पाह्यलं, का आवडीचं हातात देतात, मामाजी," रूपा म्हणाली. "शेंगदाना, चाक, काईबी."

पुंजाजीचा घास ताटातच राहिला. "हे तं मी गोऱ्ह्याईले करतो."

"मंग बरंच हाय ना. तुमाले तं समजते!"

समजत होतं, तेच तर भेव. शिकलेला गोऱ्हा शेताच्या धुऱ्यावर उधळणं सोडतो. लोक म्हणतात गुणी झाला. त्याची नजर विझलेली एकट्या पुंजाजीला दिसे. सुगतची तशी झाली तर? अन् नाहीच पाठवला, आणि पुढच्या वेळी ब्रेक लागला नाही तर?

"मले दाखव ते," शेवटी तो म्हणाला.

वाशिमच्या थेरपी केंद्रात मंजुषा मॅडम सतरंजीवर बसून सुगतसोबत चाक फिरवत होत्या. पोरानं एकदा मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. रूपाचे डोळे भरले. पुंजाजीला राहवेना.

"बाई, माह्या हातचा गोऱ्हा नाही म्हनाचं इसरते. माहं पोरगं इसरलं तं?"

"बाबा, कायले जनावराची गोठ काढता इथं!" संघदीप वरमला.

मॅडम हसल्या नाहीत. "चुकीच्या हातात पडलं तर तसं होतं, काका. आम्ही 'नको' म्हणायला आधी शिकवतो. हातानं, मानेनं, कसंही. तो नको म्हणाला की आम्ही थांबतो. तुम्ही घरी थांबता का?"

पुंजाजीनं सुगतकडं पाहिलं. रोज संध्याकाळी तो सुगतला दाबून मांडीवर घ्यायचा. पोरगं हातपाय झाडायचं, आणि त्याला वाटायचं हे लाड.

"घाल त्याले इथं," तो रूपाला म्हणाला. "पन मी संग येईन. त्याची नजर इझलेली दिसली, तं त्याच पावली घरी."

परतीच्या जीपमध्ये सवयीनं त्याचा हात सुगतकडं गेला. पोरानं कोपरानं ढकलला. पुंजाजीनं तो मागं घेतला, आपल्याच गुडघ्यावर ठेवला, आणि सारा रस्ता पोराच्या डोळ्यांकडं पाहत राहिला.