सोसायटीच्या शेडमधले कलाकार

दूध सोसायटीच्या सेक्रेटरीकडं खरं तर दुधाचेच किस्से साठायला हवेत. माझ्याकडं साठले माश्या-किड्यांचे! चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, तो सांगा की." एक सांगितला की दुसरा आपोआप निघतो.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. त्या वर्षी दुष्काळ असा, की दूध येईना, सोसायटीची शेड रिकामी पडली. तेवढ्यात गावातलीच रोहिणी शिल्पकला शिकून परतली आणि चेअरमन अप्पांकडं शेड मागायला आली.

"काय करणार तिथं?"

"शिल्पं. पण एकटी नाही. मधमाश्या, रेशीमकिडे, जनावरं, सगळी मिळून करणार."

अप्पांनी जरा विचार केला. "मंग त्यायला सभासद करून घ्यावं लागंल का?"

*

सुरुवात मधमाश्यांपासून झाली. रोहिणीनं तारेचं एक डोकं बनवलं. त्यावर माश्यांनी पोळं बांधायचं, असा प्लॅन. दुष्काळात फुलं कुठली? बिचारी साखरेचं पाणी ठेवायची. माश्यांनी पाणी संपवलं आणि पोळं बांधलं अप्पांच्या खुर्चीखाली!

अप्पा पंधरा दिवस उभ्यानं कारभार बघत होते. मी म्हणालो, "धूर करू का?"

"नको बे. एकदा खुर्ची धरली की सुटत न्हाई, मला म्हाईत हाय!"

*

मग रेशीमकिडे आले. रोहिणीनं बनवलेल्या तारेच्या कोयत्यावर ते धागा सोडत होते, आणि नेमकी त्याच दिवशी शेडमध्ये आमची वार्षिक सभा. रोहिणीनं दारातच सगळ्यांना हात जोडले, "आवाज नको, कलाकार कामात आहेत."

एरवी आमची सभा पार वेशीपर्यंत ऐकू जायची. त्या दिवशी भांडणंसुद्धा कुजबुजत झाली, आणि कुजबुजत भांडायला मजा येत नाही! अर्ध्या तासात सगळे ठराव मंजूर.

पुढच्या वर्षी मी नोटीस काढली, तर सभासद विचारायला लागले, "किडे येणार हायेत का?"

*

वाळवीनं मात्र मला गोत्यात आणलं. रोहिणीनं तिच्यासाठी लाकडाचा ओंडका ठेवला होता. तो सोडून वाळवीनं कपाटातलं, सभेचे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक खाल्लं. कागदाच्या अशा दऱ्याखोऱ्या केल्या, की रोहिणी नाचायचीच बाकी होती. तिनं ते स्टँडवर मांडलं.

तपासणीला साहेब आले. हात मागं बांधून स्टँडभोवती दोन चकरा मारल्या. "सुंदर! पण ठराव नंबर बारा कुठाय?"

मी म्हणालो, "साहेब, तो कलाकाराच्या पोटात आहे."

*

रोहिणीचं सगळ्यात देखणं काम चंद्रीनं केलं. चंद्री म्हणजे कौसाबाईची म्हातारी गाय. चारा छावणीत रोहिणीनं तिच्यापुढं मिठाचा मोठा दगड ठेवला. चंद्रीनं तो महिनोन्‌महिने चाटला. मधोमध अशी गुळगुळीत खोलगट वाट पडली, की हात फिरवतच राहावा. शहरातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी तो निवडला गेला. रोहिणीचं पहिलंच प्रदर्शन!

पाऊस पडला, छावणी उठली, आणि चार दिवसांत चंद्री गेली. मागं राहिली तिची कालवड. ती चाऱ्याला तोंड लावेना. डॉक्टर झाले, औषध झालं. तिसऱ्या दिवशी कौसाबाई तिला ओढत शेडवर आली.

"पोरी, माझ्या चंद्रीनं चाटल्याला दगड हाय का गं?"

दगड खोक्यात पॅक झालेला. टेम्पो दारात उभा. रोहिणीनं एकदा खोक्याकडं पाहिलं, एकदा कालवडीकडं. मग स्वतःच खिळे उपसले.

कालवडीनं दगड हुंगला. बराच वेळ हुंगला. मग हळूच त्या खोलगट वाटेत जीभ घातली. कौसाबाईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं कालवडीनं पुढं टाकलेल्या कडब्याची एक काडी ओढली, मग दुसरी.

तेवढ्यात प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. रोहिणी म्हणाली, "शिल्प येणार नाही. काम अजून चालू आहे."

"अहो मॅडम, कधी संपेल?"

रोहिणीनं फोन कौसाबाईपुढं धरला.

"ही गाभण ऱ्हाईस्तोवर थांबा म्हणावं!"