बाईंनी सुचवलेला सिनेमा

शकुंतला तायडे बाई. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर हेच नाव येईल. आई-वडिलांच्याही आधी येईल, आणि हे लिहिताना मला अवघड वाटत नाही. अवघड आहे ते पुढचं. ते मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती त्या दिवशी हॉलमध्येच बसली होती, तरी तिलाही माहीत नव्हतं.

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी बाई शिक्षिका होत्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर वडिलांनी मला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावायचं ठरवलं होतं. बाईंची बदली तेव्हाच अकोल्याला झाली. त्या घरी येऊन वडिलांना म्हणाल्या, "पोरगं माझ्यासंगं द्या. खोल्या दोनच आहेत, पण अभ्यासाले जागा निघते." तीन वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो, त्यांच्या हातचं जेवलो. माझा प्रत्येक निबंध त्यांनी लाल पेनानं तपासला. आज मी अमरावतीत एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, तो त्या दोन खोल्यांमुळे.

बाई बौद्ध. आम्ही शेतकरी, कुणबी. माझी आई एकदा अकोल्याला मला भेटायला आली, तेव्हा चहाला नको म्हणाली. पोट बिघडलंय म्हणाली. बाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. मी तिथंच बसून बशीतला चहा पीत होतो. मला कळलं होतं — हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला काही कळत नव्हतं असं कोणी समजू नये.

आता मूळ गोष्टीकडे येतो. येतो म्हणतो, पण बघा, अजून वळसे घेतोच आहे.

आमच्या कॉलनीत दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस संध्याकाळी हॉलमध्ये सिनेमा लावतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, पुण्याची मुलं आलेली असतात, आजोबांपासून नातवांपर्यंत सगळे सतरंज्यांवर बसतात, चिवड्याचे डबे फिरतात. सिनेमे निवडायचं काम माझ्याकडे. पुस्तकातला माणूस म्हणून दिलं असावं. मी ते मनापासून करायचो. प्रत्येक सिनेमा आधी एकट्यानं पूर्ण पाहायचो. वही घेऊन बसायचो आणि कितव्या मिनिटाला शिवी आहे, कुठं मारामारी जास्त आहे, कुठं सासऱ्यासमोर सुनेला मान खाली घालावी लागेल, ते लिहून ठेवायचो. लावायच्या दिवशी मागं प्रोजेक्टरजवळ बसून तेवढा तुकडा पुढं ढकलायचो. लोक म्हणायचे, सरांनी पाहिलाय म्हणजे डोळे झाकून लेकरं पाठवा. याचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाची किळस येते.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे राहायला आल्या, आमच्याच कॉलनीत. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्यांनी मला एक सिनेमा सुचवला. म्हणाल्या, "अर्धाच पाहिला रे. मग नातवाले कार्टून पाहिजे होतं. पण मले लय आवडला. तू पाय अन् ठरव." महिला मंडळातही त्यांनी चार जणींना सांगून ठेवलं, की यंदा एक चांगला सिनेमा येतो आहे, पोरींना आवर्जून आणा.

मी तो पाहिला. एका खेड्यात बदली होऊन आलेल्या शिक्षिकेची गोष्ट. ती एका घरात भाड्यानं राहते. घरमालकीण स्वभावानं चांगली. तिला लोणचं देते, तापात तिच्या उशाशी बसते. फक्त चहाचा कप तिचा वेगळा — खिडकीत ठेवलेला. कोणी काही बोलत नाही. नुसता तो कप मधून मधून दिसत राहतो. शिवी नाही, रक्त नाही, एक वाकडा शब्द नाही. शेवटी मी रडलो. वहीत लिहिलं: सर्वांनी पाहावा, काहीही वगळायचं नाही.

यादी नेहमीप्रमाणे गावंडे काकांना दाखवली. ते कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी घरी तो सिनेमा लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला फाटकाशी थांबवलं.

"सर, पिच्चर वाईट नाही. मी नाही म्हणत नाही. पण दिवाळीले जावई येतात, व्याही येतात. कोणाले टोचन असं कायले लावता? तो कप-बिप."

मी म्हणालो, "काका, बाईंनी सुचवलाय."

"म्हनूनच तं म्हनतो," ते म्हणाले. "सुचवला कोनं, हे बी लोकं पायतात ना. हसाचा एखांदा लावून टाका."

आणि मी म्हणालो, "बरोबर आहे काका." एवढंच. माझ्यावर कोणी दबाव टाकला नाही, धमकी दिली नाही. वाद घातला असता तर काय झालं असतं? फार तर पुढच्या वर्षी यादी दुसऱ्या कोणी केली असती. तेवढंच जात होतं माझं.

पण बाईंना सांगायचं काय? खरं कारण सांगायचं, तर माझं 'बरोबर आहे काका'ही सांगावं लागलं असतं. वेळ नाही, प्रत मिळाली नाही, असं काहीही सांगता आलं असतं. मग जे सांगितलं तेच का सुचलं? कारण हे सगळ्यात सोपं होतं. माझ्या शब्दाला या बाबतीत कॉलनीत कोणी आव्हान देत नव्हतं — आणि बाईंनी सिनेमा अर्धाच पाहिलेला होता. हे लक्षात ठेवून मी बोललो. बोलून गेलो असं नाही.

त्यांच्या दारात उभं राहून मी म्हणालो, "बाई, त्यात पुढं एक सीन आहे. सगळ्यांत बसून पाहण्यासारखा नाही. लेकरं असतात."

बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. म्हणाल्या, "असं आहे का. मग माझंच चुकलं रे. पूर्ण न पाहता कोणाले सांगू नये." त्यांनी तो सीन कसला, एवढंही विचारलं नाही. माझ्यासमोर तो शब्द काढायची त्यांना लाज वाटली असावी. नसलेल्या घाणीची लाज, आणि ती मी त्यांच्या अंगावर टाकली होती. मी तिथून निघालो तेव्हा मला काय वाटलं, माहीत आहे? सुटलो.

पहिल्या संध्याकाळी हॉल भरला. सिनेमा सुरू होण्याआधी बाई उठून पुढं आल्या. मला कल्पना नव्हती. माईक घेतला नाही, वर्गात बोलत तशा बोलल्या.

"मी काही जणींना एक सिनेमा सांगितला होता. तो मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. त्यात लेकरांसमोर पाहू नये असं आहे, हे मला नंतर कळलं. कोणी घरी लावला असेल तर मला माफ करा. शिक्षिकेनं असं करायला नको होतं."

तेव्हा मी उठू शकत होतो. दहा पावलांवर होतो. गावंडे काका पुढच्या रांगेतून म्हणाले, "जाऊ द्या बाई. रिटायर झाल्यावर आवड बदलते मानसाची." हॉल हसला. बाई मान खाली घालून जागेवर जाऊन बसल्या. मी दिवे घालवले.

मग लागला तो हसायचा सिनेमा. त्यात एका जाड मुलीवर सगळे कोट्या करतात. बायको उलट बोलते म्हणून नवरा तिच्या कानाखाली वाजवतो आणि मागून गमतीचं संगीत वाजतं. लेकरं खिदळत होती. वहीत या सिनेमापुढे मी लिहिलं होतं: स्वच्छ, कौटुंबिक. माझं बोट रिमोटवर होतं आणि मी एकही मिनिट पुढं ढकललं नाही. चौथ्या दिवशी कॉलनीतर्फे मला शाल दिली. मी ती खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला.

नंतर महिला मंडळात बाईंच्या नावानं काही दिवस चेष्टा चालली. बाईंचा सिनेमा म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. बाई हॉलमध्ये पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या अकोल्याला भाचीकडे राहायला गेल्या. माझ्यामुळे गेल्या का, मला माहीत नाही. जाताना मला डबाभर अनारसे देऊन गेल्या. मी ते खाल्ले. घशाखाली उतरले, हेच मला अजून घाणेरडं वाटतं.

गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय बाई, नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही सुचवलेल्या सिनेमात वाईट प्रसंग आहे, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तसा एकही प्रसंग त्यात नाही. मी तो पूर्ण पाहिला होता आणि मला आवडला होता.

गावंडे काकांना वेगळ्या कपाची गोष्ट दिवाळीत नको होती. त्यांनी तसं सांगितलं आणि मी लगेच मान्य केलं. तुम्हाला खरं कारण सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुमची निवडच घाण ठरवली. तुम्ही अर्धा पाहिला आहे हे मला माहीत होतं, त्याचा मी फायदा घेतला.

माफी तुम्ही सगळ्यांसमोर मागितली होती, म्हणून हे सगळं मी आज कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं आहे.

एक गोष्ट तिथं लिहिली नाही, कारण ती फक्त तुम्हाला सांगायची आहे. काका बोलले तेव्हा हॉल हसला. तुम्ही मान खाली घातली होती, त्यामुळे तुम्हाला दिसलं नसेल. मीही हसलो.

तुमचा विद्यार्थी,
सुनील