बायपॉडला हळदीकुंकू

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे शेजारच्या आजोबांनी अट घातली तेव्हा मी तडकलेच.

आजोबा म्हणजे इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइम गावातले आमचे शेजारी. चाळीस वर्षं बेकरी चालवली आणि तितकीच वर्षं आल्प्समध्ये शिकार केली. शिकारीच्या लायसन्सचं वेड मला त्यांनीच लावलं. वर्षभर अभ्यास, परीक्षा, आणि पुण्याच्या नातेवाइकांचे टोमणे वेगळेच! पण मी पास झाले. आता एकच ध्यास होता, त्यांच्याबरोबर डोंगरावर जायचं. तिथली गाम्स म्हणतात ती रानशेळी दुर्बिणीतून पाहून पाहून माझे डोळे थकले होते.

"आधी शूटिंग रेंजवर या," आजोबा म्हणाले. "शंभर मीटर, पालथं पडून, पाच गोळ्या. पाचही बियरच्या ग्लासाखालच्या चकतीवर बसल्या पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. जनावर जखमी करून सोडणारा माणूस मला डोंगरात नको. आणि बायपॉड स्वतःचा आणा. माझा मिळणार नाही."

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या टोकाखाली लावायचे दोन पाय. मी गाड्यांच्या सस्पेन्शनची इंजिनिअर. दोन पाय मला निवडता येणार नाहीत? एक्सेल शीट उघडली. वजन, उंची, लॉक, डुगडुग, सगळ्यांचे रकाने केले. तीन आठवडे झाले तरी निर्णय होईना. रेंजसाठी जड आणि ठेंगणा बरा, डोंगरासाठी हलका आणि उंच बरा, आणि मला तर दोन्हीकडे एकच हवा होता.

नवरा तेव्हा कामासाठी हॅम्बर्गला, आणि घरी तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. त्या रोज माझ्या खांद्यावरून ती शीट बघायच्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, मुलगी बघायला गेल्यासारखी काय पत्रिका जुळवत बसलीस? दुकानात जाऊन हात लावून बघ. मी येते."

दुकानात मी काउंटरवर तीन बायपॉड मांडून घेतले. सर्वात ठेंगणा आणि जड तो मला फारच आवडला. जागचा हलेना. मी म्हटलं, "आई, हाच!"

सासूबाईंनी तो उचलला, हातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं. "दर रविवारी सिंहगड चढलेय मी, तीस वर्षं. अर्ध्या वाटेवर पाण्याची बाटलीसुद्धा जड होते. आणि डोंगर काय या काउंटरसारखा सपाट असतो?" एवढं बोलून त्या तिन्ही बायपॉड घेऊन दुकानाच्या जिन्याकडे गेल्या. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. माझा लाडका लगेच कलंडला. दुसऱ्याचे दोन्ही पाय एकदमच खाली-वर व्हायचे, त्यामुळे तो लंगडला. तिसऱ्याचा प्रत्येक पाय वेगळा लांब होत होता. भोकांची रांग होती आणि स्प्रिंगची खुंटी टक्‌कन त्यात बसत होती. वरचा भागही डावी-उजवीकडे कलत होता. तो पायऱ्यांवर सरळ उभा राहिला, वजनालाही बेताचा.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं दुकानदार ओरडला आणि त्याने सासूबाईंना चक्क कॉफी दिली. मला नाही. मी एक्सेल शीट मुकाट्याने डिलीट केली.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. सासूबाई सकाळी पाट मांडून म्हणाल्या, "बंदूक काढ."

"अहो आई, ती पूजेला नाही ठेवता येणार. इथे कायदा कडक आहे. तिजोरीबाहेर काढली की माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मग देवीपुढे काय ठेवू, तुझं लायसन्स?"

बायपॉड मात्र शस्त्रात मोडत नाही. मग पाटावर लॅपटॉप, पान्यांचा सेट, गाडीची किल्ली, भाजीची सुरी आणि मधोमध नवाकोरा बायपॉड. हळद, कुंकू, अक्षता, बाल्कनीतला झेंडू. मी हात जोडले आणि देवीला अगदी स्पष्ट सांगितलं, मला वर जायचंय. कुंकू पुसायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. "आजच्या दिवस राहू दे." वर माझ्या जॅकेटला एक सेफ्टी पिन अडकवली. "असू दे, लागते कधी." चाळीस वर्षांच्या बाईला सेफ्टी पिन! पण सणासुदीला कुठे वाद घालू, म्हणून राहू दिली.

दसऱ्याच्या दिवशी रेंजवर आजोबांनी खिशातून चकती काढून निशाण्यावर टाचली. मी आडवी झाले. जमीन थोडी डावीकडे उतरती होती, म्हणून बायपॉडचा डावा पाय एक घर लांब केला. टक् आवाज आला नाही. घाईत माझ्या ते लक्षातच आलं नाही. श्वास सोडला, चाप ओढला, आणि धक्क्यासरशी डावा पाय आत सरकला. गोळी चकतीच्या वीतभर बाहेर.

माझा पारा असा चढला म्हणता! जर्मन स्प्रिंग, जर्मन भोकं, जर्मन दुकानदार, सगळ्यांचा उद्धार केला, तोही मराठीत. मग गोळ्या काढून, रायफल मोकळी करून बायपॉड उलटा धरला. खुंटीच्या भोकात लाल काहीतरी होतं. कुंकवाचा तांदूळ. अख्खा, व्यवस्थित बसलेला!

सेफ्टी पिन आठवली. तिच्याच टोकाने तो कोरून काढला आणि तळहातावर घेऊन बसले. आजोबा शेजारी येऊन उभे.

"हे काय?"

खोटं सांगता आलं असतं. पण ज्यांच्याबरोबर डोंगर चढायचा त्यांच्याशी काय खोटं बोलायचं? म्हटलं, "आम्ही वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतो. हा त्यातला तांदूळ. मी निघण्यापूर्वी तपासायला हवं होतं. चूक माझी."

आजोबा माझ्या तळहातावर वाकले. संपलं, आता पुढचं वर्ष.

"आमच्याकडे नोव्हेंबरात पाद्री बंदुकांवर पवित्र पाणी शिंपडतो," ते हळूच म्हणाले. "माझ्या वडिलांच्या बंदुकीची नळी त्याने गंजली होती." आणि खो खो हसायला लागले. हसणं आवरल्यावर चेहरा पुन्हा कडक. "पण नियम तो नियम. ही फेरी बाद." मग खिशातून दुसरी चकती काढली. "पुन्हा पाच."

या वेळी दोन्ही पाय हाताने दाबून पाहिले. टक्, टक्. आणि पाच गोळ्या. दुर्बिणीतून बघायचा धीरच होईना. आजोबा स्वतः चालत गेले, चकती घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवली. पाच भोकं, पाचही आत. मी त्यांना मिठीच मारली. त्या भागात असं कुणी करत नाही, पण मला कुठे भान होतं!

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आजोबा, डोक्यावर हिरवी टोपी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा जुना बायपॉड. कुणाला न मिळणारा. "याचीही पूजा करतील का तुमच्या सासूबाई? फक्त तांदूळ नको."

मी सांगितल्यावर सासूबाई थबकल्या. "तांदूळ का नको?"

आता बोलावंच लागलं. "अहो आई, कालची एक अक्षता भोकात अडकली होती. पहिली गोळी वाया गेली."

मला वाटलं, बाईंना वाईट वाटेल. त्या उलट खूश झाल्या. "अडकणारच! मीच आत सारली होती. पूजा काय वरवर करायची असते? आणि वाया नाही गेली ती. पहिली देवीची."

मग आजोबांच्या बायपॉडला त्यांनी नुसतं हळदीकुंकू लावलं. अक्षतांची मूठ मात्र रिकामी ठेवायची नव्हती. ती त्यांनी सरळ आजोबांच्या डोक्यावर टाकली, टोपीसकट. "त्यांना सांग, माझ्या सुनेला वर नेताय तसं खाली नीट आणा. आणि शिकार मिळाली तर रस्सा मी करीन."

मी सांगितलं. आजोबांनी टोपी काढून मान लववली.

पुढच्या शनिवारी आम्ही डोंगर चढलो. ते पुढे, मी मागे. वाटेत कधीतरी ऊन आलं आणि त्यांच्या टोपीच्या पट्टीत अडकलेला एक लाल तांदूळ मला दिसला. झटकला नव्हता.