टोपीखालचे वीस अंश

मेव्हिस होल्टचं घर ऑक्टोबर संपेपर्यंत कधी तापलं नाही. घड्याळं तासभर मागे सरकवायचा रविवार येतो ना, त्याच्या आधी हीटिंग लावणं म्हणजे तिच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं. तसं इंग्लंडच्या उत्तरेतल्या आमच्या बेकपमध्ये सगळ्यांचंच थोडंफार असतं. सप्टेंबर सरला की आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेतल्या दोन बायका भेटल्या रे भेटल्या की पहिला प्रश्न, "लावलंस का गं?" जिनं लावलं असेल ती चोरासारखी सांगणार, "तासभरच हो, नातू आला होता म्हणून." आणि माझी शेजारीण मेव्हिस फाटकाशी उभी राहून ठसक्यात म्हणणार, "मी? मी अजून खिडकी उघडी टाकून झोपते!"

खोटारडी मेली. खिडक्या तिच्या रंगानं चिकटून कधीच्याच बंद झाल्या होत्या.

आम्ही दोघी सपातांच्या कारखान्यात एका बाकावर होतो. ती सपातांच्या आत मेंढीच्या लोकरीचं अस्तर शिवायची. सगळं आयुष्य तिनं लोकांचे पाय गरम ठेवण्यात घालवलं आणि स्वतःच्या घरी दोन मोजे एकावर एक चढवून बसली. नवरा फ्रँक होता तोवर निदान संध्याकाळी शेगडी तरी पेटायची. तो गेला आणि हिला मोकळं रानच मिळालं. "एकट्या बाईसाठी अख्खं घर तापवायचं? मी काय राणी आहे?" असं म्हणून ती स्वेटरवर स्वेटर चढवायची. शेवटी शेवटी तिचे हात अंगापासून लांबच राहायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती जिन्यावरून पडली. कंबरेचं हाड मोडलं, बसवलं, आणि तिची पोर जिलियन ब्रायटनहून धावत आली. जिलियन वाईट नाही, आधीच सांगते. लहानपणी माझ्या ओट्यावर बसून जॅम-पाव खाल्लेली पोर, अजून मला ब्रेंडामावशी म्हणते. पण दक्षिणेला जाऊन राहिली की माणसं जरा आकड्यांवर जातात. तिनं आईची खाट खालच्या मागच्या खोलीत आणवली आणि तिला समोर बसवून सांगितलं, "आई, स्पष्ट बोलते. हे घर थंडगार आहे. तुला इथं राहायचं असेल तर घर ऊबदार राहिलं पाहिजे. नाहीतर आमच्याकडे एक छान वृद्धाश्रम आहे, मी बघून आलेय."

मेव्हिसचा चेहरा पडला. तिला ठाऊक होतं, तिथं गेलेली माणसं परत येत नाहीत. "मी इथंच मरणार," ती म्हणाली.

"मर ना, पण ऊबेत मर," जिलियन म्हणाली. तिघीही हसलो. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

मग ते यंत्र आलं. स्मार्ट थर्मोस्टॅट. स्मार्ट म्हणे! पांढरी, साबणाच्या वडीएवढी डबी, छोट्या स्टँडवर उभी राहणारी. भिंतीवर ठोकायची नाही, बसाल त्या खोलीत घेऊन जायची. ती हवा मोजणार. खोली गार झाली की घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरला सांगणार पेट, ऊब आली की सांगणार बस कर. रात्री माणूस पांघरुणात असतो म्हणून रात्री डबी नि बॉयलर दोन्ही बंद, सकाळी सातला पुन्हा चालू. आणि खोलीत किती अंश आहेत ते जिलियनला तिकडे ब्रायटनमध्ये फोनवर दिसणार.

"बिल कितीतरी कमी येईल बघ," जिलियन म्हणाली. "उगाच जळायचं नाही. आणि मला रोज वीस दिसले की मी निवांत. अठराच्या खाली गेलं तर मात्र मी गाडी काढून येणार, बॅग भरायलाच."

म्हणजे बघा, म्हातारीला एकीकडून गॅसच्या कंपनीची भीती आणि दुसरीकडून पोरीच्या फोनची. घर गार ठेवलं तर घर जाणार. घर तापवलं तर पेन्शन जाणार. पहिले आठ-दहा दिवस डबीच्या म्हणण्याप्रमाणे बॉयलर चालला तेव्हा ही दर थोड्या वेळानं मीटरपाशी जाऊन उभी राहायची आणि छातीवर हात ठेवून परत यायची. कंपनीनं भाव चढवले होते ते सगळ्यांनाच नडत होते, पण हिनं तर हायच खाल्ली. जिलियननं पैसे देऊ केले. मेव्हिस म्हणाली, "तुझ्या पोरांच्या तोंडचं काढून मी शेकत बसू?" विषय संपला.

मग एकदा मी चहाला गेले. स्वयंपाकघरात बसलो होतो. टेबलावर चहाची किटली, किटलीवर चहा निवू नये म्हणून तिनं स्वतः विणलेली लोकरीची टोपी, वर लाल गोंडा. तेवढ्यात फोन वाजला. जिलियन.

"आई! घरात एकतीस अंश? तू ठीक आहेस ना? आग-बिग लागली का?"

मेव्हिसनं फोन कानाशी धरून टोपी हळूच उचलली. आत किटलीला खेटून ती पांढरी डबी उभी!

"केक भाजतेय गं," मेव्हिस गोड आवाजात म्हणाली. "ओव्हनचं दार उघडं राहिलं."

फोन ठेवून तिनं डबी किटलीपासून दोन बोटं लांब सरकवली, टोपी पुन्हा नीट बसवली आणि थोड्या वेळानं आत डोकावली. "वीस," ती म्हणाली. शाळेतल्या पोरीसारखा आनंद झाला होता तिला.

"अगं बये, त्या डबीला वाटणार घर गरम आहे! बॉयलर पेटणारच नाही!"

"हुशार आहेस, ब्रेंडे. पटकन कळलं तुला."

"आणि तू?"

"मला चहा आहे की." आणि तिनं माझा कप भरला. कप दोन्ही हातांत धरावा लागला, इतकं गार होतं तिथं.

पुढे तिचा तोच धंदा झाला. सकाळी सातच्या आत उठून पहिली किटली. ती निवायच्या आत दुसरी. दिवसभर डबी टोपीखाली मजेत आणि ही बाहेर कोट घालून. अंतराचा अंदाज तिला असा बसला की आकडा वीस-एकवीसच्या पलीकडे हलायचा नाही. मी भांडले. खरंच, घसा बसेपर्यंत भांडले. "मरशील!" म्हटलं. ती म्हणाली, "आमची आई खिडकीच्या आतल्या बाजूचा बर्फ नखानं खरवडायची, नव्वदीपर्यंत जगली."

नोव्हेंबरात धुकं बसलं आणि तिला खोकला लागला. मग माझ्यानं राहवेना. चहाडी तर चहाडी, म्हटलं, आणि लावला जिलियनला फोन.

"जिलियन, तुझी आई गारठतेय."

"नाही हो ब्रेंडामावशी. माझ्यासमोर आकडा आहे. साडेवीस."

"आकडा घाल चुलीत! मी आत्ता तिच्या स्वयंपाकघरातून आले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती माझ्या."

"पण मावशी, बिलसुद्धा निम्म्यावर आलंय. यंत्र घर ओळखायला लागलं की असं होतं, ऊब वाया जात नाही. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं."

"अगं, ती टोपी घालते त्याला!"

"कोणाला?"

"थर्मोस्टॅटला! किटलीची टोपी!"

मग जिलियनचा आवाज एकदम मऊ झाला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना डॉक्टर काढतात ना, तसा. "मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना? रात्री झोप लागते का?"

मी फोन आपटला. वर त्या पोरीनं आईला फोन करून सांगितलं, ब्रेंडामावशीकडे जरा लक्ष ठेव हं, त्यांचं काहीतरी बिनसलंय. मेव्हिस आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच दार वाजवून आली, हातात ओव्हनमधून काढलेली बटाट्याची पेस्ट्री. "खा," म्हणाली. "आणि पुन्हा असं करू नकोस. घर जाईल माझं."

ख्रिसमसला जिलियन आली तेव्हा दोन दिवस डबी टोपीबाहेर राहिली आणि बॉयलर धडधडत होता. पोर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होती. मला बघून म्हणाली, "बघा मावशी, किती छान ऊब आहे!" मेव्हिस खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. गाल गुलाबी झाले होते तिचे. दोन दिवस खोकलासुद्धा थांबला होता. त्या भरल्या घरात तमाशा करायचा जीव झाला नाही.

जानेवारीत बर्फ पडला. एका सकाळी नऊ वाजून गेले तरी मेव्हिसचे पडदे ओढलेलेच. आमच्या रांगेत असे पडदे दिसले की कोणी दुसरा विचार करत नाही, थेट किल्ली घेऊन जातं. मी दार उघडलं आणि ऊबेचा झोत तोंडावर आला. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच घरात शिरले. मग कळलं. ती उठलीच नव्हती. पहिली किटली झालीच नव्हती. टोपीखाली रात्रीची किटली दगडासारखी थंड, आणि सात वाजता डबीला ख्रिसमसनंतर पहिल्यांदा खरं कळलं की घर किती गार आहे. तेव्हापासून बॉयलर पेटला होता.

मागच्या खोलीत मेव्हिस कोटासकट पांघरुणात पडली होती. कुडकुडतसुद्धा नव्हती. मला म्हणाली, "आई, शाळेला उशीर होतोय." हात लावला तर हात नव्हेच तो, मासळीवाल्याकडचा मासा. मी तिच्या पायांशी बसून ते चोळत राहिले आणि मोठ्यानं रडत होते, लाज नाही वाटली.

अँब्युलन्सचा माणूस आला. त्यानं तिच्या कानात यंत्र घालून ताप बघितला, मग खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरच्या रेडिएटरवर हात ठेवला आणि झटकन उचलला. "इथं तर मस्त गरम आहे. ही एवढी गार कशी पडली?"

"किटलीची टोपी," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लिहून मात्र काही घेतलं नाही.

हॉस्पिटलात जिलियन रातोरात पोचली होती. मी दुसऱ्या दिवशी गेले तर ती डॉक्टरीणबाईंना फोन दाखवत होती. "बघा ना, अख्खा हिवाळा वीसच्या खाली नाही. आदल्या रात्री झोपेपर्यंतसुद्धा. त्या सकाळी सातला तेवढा घसरला, पण लगेच वर आला." डॉक्टरीणबाई मान हलवून म्हणाल्या, या वयात शरीराला आपली ऊब सांभाळता येत नाही कधी कधी, आणि थोडा गोंधळही दिसतोय. गरम घरात असं होत असेल तर एकटीनं राहणं धोक्याचंच.

मी खाटेपाशी गेले. मेव्हिस शुद्धीवर होती, चांगली टक्क जागी.

"सांग तिला," मी म्हटलं. "तोंड उघड, मेव्हिस. टोपीचं सांग. घर गार होतं म्हणून झालं, डोकं ठिकाणावर आहे म्हणून सांग. बॉयलर लावलास तर राहशील तुझ्या घरी."

जिलियन जवळ आली. "कसली टोपी, आई?"

मेव्हिसनं पोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला काही कळत नाही बाई, ही ब्रेंडा काय म्हणते ते. हल्ली काही आठवतच नाही मला."

जिलियन तोंडावर हात धरून बाहेर गेली. मी मेव्हिसचा खांदा धरला. हलवलाच म्हणा ना. "वेड लागलंय का तुला?"

"हो," ती म्हणाली. "तेच बरं आहे. एवढ्या कौतुकानं बसवलं गं तिनं ते. रोज सकाळी बघायची, आई ऊबेत आहे म्हणून. आता तिला सांगू की तू बघत होतीस आणि मी गारठत होते? जन्मभर जाळत बसेल स्वतःला. म्हातारी चळली, यात कोणाची चूक नसते." मग तिनं डोळे मिटले. "तू पण आता गप्प बस, ब्रेंडे. तुझ्यावर तसाही कोणी विश्वास ठेवत नाही."

ते मात्र खरं होतं.

तिला ब्रायटनच्या त्या वृद्धाश्रमात नेलं. मी एकदा जाऊन आले, तीन गाड्या बदलून. तिथं इतकं गरम की मला चक्कर यायची वेळ आली, आणि खिडक्या उघडत नाहीत. मेव्हिस पातळशा ब्लाउजमध्ये बसली होती. दंड काटक्यांसारखे झालेत, ते आजवर स्वेटरांखाली कोणाला दिसलेच नव्हते. जिलियननं विचारलं, "आई, ओळखलंस ना ब्रेंडामावशीला?" मेव्हिस म्हणाली, "नाही बाई." मी थांबले. जिलियन चहा आणायला गेली की डोळा मारेल, काहीतरी चावट बोलेल, म्हणून थांबले. जिलियन गेली, आली, चहा पिऊन झाला. मेव्हिस भिंतीकडे बघत होती.

तिचं घर विकायला काढलंय. उन्हाळ्यात कोणी घेतलं नाही, आता पुन्हा हिवाळा लागला. दलाल म्हणाला, ऊबदार घर लवकर जातं, शिवाय नळ फुटायला नकोत. म्हणून जिलियन तिकडून फोनवर ते तापवते, रात्रंदिवस. आत खुर्चीसुद्धा नाही. माझ्या नि तिच्या बैठकीमधली भिंत एकच, एका विटेची. परवा मी सहज हात टेकला तर भिंत कोमट लागली. आता संध्याकाळी खुर्ची ओढून तिथंच पाठ लावून बसते. माझं हीटिंग अजून लावलं नाही.